दसरा झाला की

ईसीजी नॉर्मल आला तेव्हा मला रागच आला. छातीत धडधडतंय, तळहात गार पडतायत, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही, आणि कागदावरची रेघ मात्र वर्गातल्या हुशार मुलीच्या अक्षरासारखी नीटनेटकी. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. टेन्शन घेता का?" मी नाही म्हटलं. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

ही ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट. मी चोवीस वर्षांची, पुण्यात एका सीएच्या ऑफिसात नोकरीला, धनकवडीत तिघींबरोबर कॉट बेसिसवर राहणारी. पगार वेळेवर होत होता, काम जमत होतं, सर बरे होते. टेन्शन घ्यायला कारण तर हवं ना.

ईसीजीनंतर थायरॉइड झालं. तेही नॉर्मल. बी-ट्वेल्व्ह मात्र कमी निघालं आणि मला हायसं वाटलं, की सापडलं एकदाचं. पाच इंजेक्शनं घेतली. दुखऱ्या दंडानिशी रात्री पुन्हा छताकडे बघत पडले. त्या काळात सगळ्यात जास्त भीती वाटायची ती लाइट बंद करायची. अंधाराची नव्हे. लाइट बंद केला की 'आता झोपायचं' असं ठरतं, त्याची. हे कुणाला सांगणार? रूममेटला सांगितलं की मला रात्री वाचायची सवय आहे.

एका ओळखीच्यांनी एका समुपदेशकांचा नंबर दिला. आठशे रुपये फी. मी घरचं थोडंफार सांगितलं, ते दहा मिनिटं ऐकून घेऊन म्हणाले, "तुमच्या आईवडिलांनी किती कष्ट केलेत बघा. त्यांचा विचार करा, म्हणजे तुमचा त्रास तुम्हालाच छोटा वाटेल." आणि रोज झोपताना कृतज्ञतेची वही लिहायला सांगितली. मी आठ दिवस इमानदारीने लिहिली. रोज तेच एक वाक्य यायचं : माझी माय ऊस तोडते म्हणून मी एसीत बसते. नवव्या दिवशी वही गादीखाली गेली. त्या वाक्याने झोप तर आली नाहीच, वर त्रास होतो याचीसुद्धा लाज वाटायला लागली.

आता घरचं सांगते. आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. पावसावरची तीन एकर जमीन, ती पण खडकाळ. ज्यांना तिकडचं माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात. पावसाळ्यात मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घ्यायची, ती लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात संपते, आणि दसरा झाला की ती फेडायला, ऊस तोडायला, साखर कारखान्याच्या वाटेला लागायचं. दसऱ्याला सगळा महाराष्ट्र सीमोल्लंघन करतो म्हणे. आमच्याकडे ते खरोखर होतं. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, जिथं मुकादमाची टोळी जाईल तिथं. मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की माणसं परत. तोवर गावात म्हातारी आणि पोरं.

मी पाच वर्षांची असल्यापासून आजीजवळ राहिले. धाकटा भाऊ जन्मला तो फडाच्या हंगामातच, आणि तीन वर्षांचा झाल्यावर तोही माझ्याजवळ आला. आजीला एका डोळ्याने दिसायचं. त्यामुळे भाकऱ्या थापायला मी दुसरीतच शिकले. शाळेत हंगामी वसतिगृह असायचं तेव्हा दोन वेळचं तिथं मिळायचं, आणि एक बाई होत्या ज्या यादीत माझं नाव न विसरता घालायच्या. ज्या वर्षी वसतिगृहाचे पैसेच आले नाहीत, त्या वर्षी त्याच बाई डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या आणायच्या. चौथीत असताना आजी आजारी पडली म्हणून मलाही टोळीबरोबर नेलं. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहायचं. पहाटे तीनला माय-दादा, म्हणजे आईवडील, फडात जायचे, मी भावाला काखेत घेऊन पाणी भरायचं, कालवण करायचं, मग उसाच्या पाचटावर त्याला खेळवायचं. गाडी रात्री भरायची असली तर मध्यरात्री पुन्हा हाका. अंगात ताप असला तरी माय खाडा करायची नाही, कारण खाडा पडला की मुकादम दंड कापायचा. आणि दादा प्यायचा. प्यायल्यावर मायला मारायचा. कोपीला दार नसतं, नुसतं पोतं असतं. मी भावाला घेऊन दुसऱ्यांच्या कोपीमागे जाऊन बसायचे. तिथूनही ऐकू यायचं.

दादाबद्दल मी इथंही दोनच वाक्यं लिहिली, हे माझ्या लक्षात आलंय. मॅडमच्या लक्षात तर ते दुसऱ्याच भेटीत आलं होतं.

पण मॅडमपर्यंत पोचले कशी, ते आधी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री मला वाटायला लागलं की हे असंच चालणार असेल तर सकाळ झालीच नाही तरी काय बिघडलं. हा विचार फार शांतपणे आला, आणि मी घाबरले ती त्या शांतपणाला. रूममेट गाढ झोपलेली. ऑफिसच्या लिफ्टजवळ एक पोस्टर होतं, त्यावरचा नंबर सोपा म्हणून लक्षात राहिला होता : १४४१६. टेलिमानस, केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालणारी. गॅलरीत जाऊन लावला. भाषा निवडायला सांगितली, मी मराठी निवडली. पलीकडच्या ताईने पहिल्यांदा विचारलं की तू आत्ता कुठे आहेस, जवळ कोण आहे. मग तिने मला सरळ विचारलं, मरायचा विचार येतोय का. तोवर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मी हो म्हणाले आणि रडायला लागले. तिने घाई केली नाही. पाऊण तास तरी बोललो असू. शेवटी म्हणाली, "उद्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायचं. एकटी नको, कुणाला तरी बरोबर घे." मी रूममेटला उठवलं. बिचारीला वाटलं गावाकडे कुणी गेलं.

ओपीडीचं वर्णन फार करत नाही. केसपेपरच्या रांगेत दीड तास, थोडेच रुपये. खिडकीतल्या माणसाने "कोणता विभाग?" विचारलं, मी पुटपुटले, त्याने मोठ्याने पुन्हा विचारलं. मागच्या बाईने माझ्याकडे बघितलं आणि आपली पिशवी जरा बाजूला घेतली. हे मला अजून आठवतं.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी एक कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं, असे नऊ प्रश्न. झोप, भूक, थकवा, कशातच मन न लागणं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा. माझे सत्तावीसपैकी सतरा आले. आयुष्यात पहिल्यांदा जास्त मार्कांचं वाईट वाटलं. मी एकच विचारलं, "घरी कळवणार का?" त्या म्हणाल्या, "तू सज्ञान आहेस. २०१७ च्या कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. जिवाला धोका वाटला तर वेगळं, आणि तसं वाटलं तर आधी तुझ्याशीच बोलेन." त्या एका उत्तरामुळे मी पुढच्या वेळी परत गेले.

एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू झाली, आधी पाच मिलिग्रॅम, मग दहा. झोपेसाठी दुसरी एक गोळी थोड्याच दिवसांपुरती दिली आणि बजावलं की हिची सवय लागते, मोजूनच देणार. पहिल्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, पूर्ण यायला त्याहून जास्त. तोवर मळमळ, कोरडं तोंड आणि जांभयाच जांभया. ऑफिसात सरांना वाटलं मी रात्री सिनेमे बघते. डॉक्टरांनी आठवड्यातच परत बोलावलं होतं, कारण माझ्या वयात या गोळ्यांच्या सुरुवातीला काही जणांचे मरणाचे विचार उलट वाढू शकतात, म्हणून नजर ठेवावी लागते. औषधाबद्दल वाईट गोष्टही कुणी तोंडावर सांगतं, याने माझा भरवसा वाढला.

तिथल्याच क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्या मॅडम. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, टेबलावर कायम अर्धा प्यालेला चहा. पहिल्या भेटीत काहीच घडलं नाही. मी कुठं राहते, काय खाते, ऑफिसला जायला किती वेळ लागतो, एवढंच. मी मनात म्हटलं, हिलाही आठशे दिले असते तर रडूच आलं असतं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी बालपणाबद्दल दहा प्रश्न विचारले. कागद माझ्या हातात दिला नाही, स्वतः वाचत गेल्या, एकेक, थांबून. वयाच्या अठराव्या वर्षाआधी घरातलं मोठं माणूस तुला मारायचं का, अपमान करायचं का. कुणी नको तसा हात लावला का. घरात कुणी दारू प्यायचं का. आईला मारहाण व्हायची का. घरात कुणी मनाने आजारी होतं का, कुणी तुरुंगात गेलं का. दारूला हो. आईच्या माराला हो. 'आपल्याकडे बघायला कुणी नाही असं वाटायचं का' याला मी आधी नाही म्हटलं, कारण आजी होती. मग मॅडम नुसत्या थांबल्या, आणि मला एका डोळ्याने चुलीत फुंकणारी आजी दिसली. हो. घरात आपण कुणाला महत्त्वाचे आहोत असं वाटायचं नाही, असं होतं का? हो. आईवडील वेगळे झाले होते का?

इथं मी अडले. वेगळे म्हणजे एकमेकांपासून ना? ते तर एकत्रच होते. एक कोयता. वेगळे झाले होते ते माझ्यापासून, तेही सहाच महिने, पण दर वर्षी. मी म्हटलं, "मॅडम, याला अर्धा मार्क देता येतो का?"

"अर्धा कसा?"

"आमच्याकडे एकटा माणूस तोडीला गेला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात."

त्या हसल्या, मीही हसले, आणि मग हसता हसता मला इतकं रडू आलं की तास तिथंच संपला. म्हणजे माझा गुण झाला साडेचार.

रूमवर येऊन मी मोबाइलवर वाचत बसले. हे प्रश्न अमेरिकेतून आलेत. सॅन दिएगोमध्ये फेलिटी नावाचे डॉक्टर लठ्ठपणावर उपचार करायचे. ज्यांचं वजन चांगलं उतरत होतं तीच माणसं मध्येच उपचार सोडून जायची. का, म्हणून त्यांनी विचारपूस केली तर अनेकांनी लहानपणी झालेले अत्याचार सांगितले. मग अँडा नावाच्या दुसऱ्या डॉक्टरांबरोबर त्यांनी मोठा अभ्यास केला, सतरा हजारांहून जास्त माणसांचा, आणि १९९८ साली पहिले निष्कर्ष छापून आले. चार किंवा जास्त प्रकारचे आघात झालेल्यांमध्ये नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चारपट ते बारापट. मी ते 'चार किंवा जास्त' वाचलं आणि पोटात खड्डा पडला. मी साडेचार.

पुढच्या भेटीत मॅडमना आल्या आल्या हेच विचारलं. त्या जरा वैतागल्याच. "म्हणून मी कागद हातात देत नाही. तो आकडा हजारो माणसांच्या घोळक्याबद्दल बोलतो, तुझ्याबद्दल नाही. खुद्द अँडांनीच नंतर लिहिलंय की एकट्या माणसाचं भविष्य सांगायला तो वापरू नका. त्यात किती वेळा मारलं हे नाही, कोण जवळ होतं हे नाही. तुझ्या बाईंच्या दोन पोळ्या कुठे मोजल्यात त्यात?"

बाईंच्या पोळ्या मी सांगितल्या होत्या हे मलाच आठवत नव्हतं.

मला त्या यादीचं आणखी एक खटकतं. तो अभ्यास विमा असलेल्या, बहुतेक शिकलेल्या, शहरी माणसांवर झाला. त्यामुळे तिच्यात जे काही वाईट घडतं ते घराच्या आतच घडतं आणि घरातलंच कुणी तरी ते करतं. तिच्यात दुष्काळ नाही, उचल नाही, मुकादम नाही. मी चौदा वर्षांची असताना मायची पिशवी काढली. पस्तिशीही नव्हती तिची. पाळीत खाडे पडतात म्हणून टोळीतल्या कितीतरी बायांनी काढली होती. २०१९ मध्ये यावर ओरड झाली, सरकारने समिती नेमली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाया टीव्हीवर आपल्या जिल्ह्याचं नाव ऐकून चपापल्या. ऑपरेशनचं कर्ज पुढच्या उचलीत गेलं. हे कुठल्या प्रश्नात बसवायचं? 'आईवडिलांनी दुर्लक्ष केलं का' याला हो म्हणताना मला चुगली केल्यासारखं वाटत होतं, आणि नाही म्हणताना खोटं. बरेच आठवडे आम्ही याच एका गोष्टीवर घुटमळत होतो. मॅडमनी शेवटी प्रश्नच बदलला. कुणी केलं हे सोड, म्हणाल्या, तुझ्या अंगावर काय आलं तेवढं सांग. दोष लिहायचा रकानाच त्यांनी खोडून टाकला. मग मला बोलता यायला लागलं.

एका भेटीत त्यांनी मोठा कागद पसरून माझ्या त्रासाच्या तारखा मांडायला लावल्या. दहावीला सहामाहीच्या वेळी मी वर्गात चक्कर येऊन पडले होते. बारावीत दिवाळीच्या सुट्टीत महिनाभर अन्न जात नव्हतं, गावातले म्हणाले बाहेरचं लागलंय, अंगारा आणला. पुण्यात पहिल्या वर्षी कॉलेज सोडून परत जायला निघाले होते. पहिली नोकरी तीन महिन्यांत सोडली. मी आठवेल तसं लिहीत होते, त्या शेजारी महिना लिहीत होत्या. शेवटी कागद माझ्याकडे फिरवला. ऑक्टोबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, ऑक्टोबर. मी म्हटलं, "थंडी मानवत नसेल." त्यांनी चहा उचलला, तो गार झालेला, परत ठेवला.

"टोळी गावातून निघायची किती वाजता?"

"रात्री. एक-दोनला."

"तू काय करायचीस तेव्हा?"

"झोपलेली असायचे. पोरं रडतात म्हणून झोपल्यावरच निघायचे. सकाळी उठलं की नसायचे."

हे मी अगदी सहज बोलले. शंभर वेळा लोकांना सांगितलेली गोष्ट. आमच्याकडे सगळ्यांचं तसंच. त्या काही बोलल्या नाहीत आणि त्या शांततेत माझं मलाच ऐकू आलं, काय बोलले ते. मी दसऱ्यानंतर जागी का राहते. लाइट का बंद करत नाही. झोपलं की माय जाते.

तिथून पुढे सगळं सोपं झालं असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही झालं. कळलं म्हणून झोप येत नाही. मॅडम म्हणायच्या, वस्तीवरचं कुत्रं आठव, ज्याने एकदा लांडगा बघितलाय. ते नंतर पाचोळा वाजला तरी भुंकतं. त्याला समजावून सांगता येत नाही, आणि मारलं तर जास्तच भुंकतं. पाचोळा वाजला आणि काही झालं नाही, असं त्याने पुष्कळ रात्री बघावं लागतं. म्हणून मग त्या पुष्कळ रात्री. ठरलेल्या वेळी लाइट बंद. वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठून खुर्चीत बसायचं, गादीत तळमळायचं नाही. श्वास सोडताना घेतल्यापेक्षा लांब सोडायचा. पायाखालची फरशी, पंख्याचा आवाज, रूममेटचं घोरणं, असं एकेक मोजून आपण आत्ता कुठल्या वर्षात आहोत हे अंगाला सांगायचं. मला हे सगळं आधी खुळ्यासारखं वाटलं. रूममेटला मात्र तिच्या घोरण्याचा औषधी उपयोग ऐकून फार आनंद झाला.

जानेवारीत मला इतकं बरं वाटलं की मी गोळ्या स्वतःच बंद केल्या. गावाकडून भाऊ येणार होता, त्याला पाकीट दिसू नये हेही एक कारण. चौथ्या दिवशी डोकं हलवलं की आत बारीक करंट बसल्यासारखं व्हायला लागलं, चक्कर, चिडचिड. मी परत जायला पंधरा दिवस लावले, ओरडा बसेल म्हणून. डॉक्टर ओरडल्या नाहीत. गोळी परत सुरू केली आणि सांगितलं, सोडायची ती ठरवून, हळूहळू, आणि बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा-नऊ महिने घेऊन मगच. "तुझ्या बाबतीत मी म्हणेन, एक हंगाम जाऊ दे मधून."

मॅडमचे दोन तास बुडाले होते, त्याबद्दल मी माफी मागितली. "खाडा पडला," म्हटलं. त्यांना शब्द माहीत नव्हता. मी समजावून सांगितला तर म्हणाल्या, इथं दंड नसतो. मला तरी पुढच्या भेटीपर्यंत वाटत होतं की असणार.

मे २०२४ मध्ये लोकसभेच्या मतदानाला गावी गेले. टोळ्या परतलेल्या. मायला विचारायचं असं मॅडमबरोबर ठरवलं होतं, अगदी शब्दांची तालीम करून. पहिल्या दिवशी विचारलं, "माय, तुम्ही जाताना मला उठवत का नव्हतात?" मायने जात्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "एवढं शिकून हेच इचारायला आलीस व्हय?" विषय संपला. दुसऱ्या दिवशी मी मतदान केलं, शाईचं बोट मिरवत फिरले, काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी रात्री ती भाकरी थापत होती, मी जाळ सारत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"एक साल उठीवलं हुतं तुला. पैल्याच साली. तुझ्या ध्यानात नाई. गाडीमागं पळालीस तू, पार मारुतीच्या देवळापोस्तर. उघड्या पायानं. मुकादम शिव्या द्यायला लागला, डायवर हसायला लागला. तुझ्या आज्जीनं फरफटत नेली तुला. मंग नाई उठीवलं."

तव्यावरची भाकरी करपली. आमच्याकडे करपलेली भाकरी मायच खाते. त्या दिवशी मी घेतली, तिने घेऊ दिली.

मला तो देवळापर्यंतचा पळ आजही आठवत नाही. मॅडम म्हणाल्या, आठवायलाच हवं असं नाही. पण माझ्या मनात कायम एक पोर होती जिला सोडून गेले आणि जिने काहीच केलं नाही, झोपून राहिली. ती पळाली होती, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं.

दादाशी मी अजून बोललेले नाही. तो आता कमी पितो. सुटली नाही. मला कधी बोलावंसं वाटेल की नाही, माहीत नाही, आणि मॅडम त्याची घाई करत नाहीत.

२०२४ चा दसरा गोळी चालू असताना गेला. आधीसारखे सहा आठवडे नाहीत, पण पंधरा-सोळा रात्री वाईट गेल्या. एकदा पुन्हा १४४१६ लावला, या वेळी मरायचं मनात नव्हतं, नुसतं कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि तेवढ्यासाठीही चालतं असं कळलं. मार्च २०२५ पासून डॉक्टरांनी गोळी पाचवर आणली, मग बंद केली. मॅडमकडे आता महिन्यातून एकदा जाते. त्यांचा चहा अजून गारच असतो.

भाऊ बीडला वसतिगृहात राहतो, बारावीला आहे. त्याला मी सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ताई, मला ऊसाचा वासच सहन होत नाही, माहितीये?" माहीत नव्हतं. आम्ही दोघं एकाच कोपीमागे बसलेलो, आणि इतक्या वर्षांत मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

माय-दादा अजून जातात. यंदाही गेले. मी पैसे पाठवते, पण उचलीचं गणित मी पाठवते तेवढ्याने मिटत नाही. दसऱ्याआधी मी मायला म्हटलं होतं, निघताना फोन कर. ती म्हणाली, रातच्याला कशाला झोपमोड? मी म्हटलं, कर.

फोन आला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मागे ट्रकचं इंजिन, भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी लेकरू रडत होतं.

"निघालोत बरं का आमी."

"बरं."

"जागीच हुतीस का?"

"नाही गं. झोपले होते. तू उठवलंस."